मामी मागच्या सीटवर बसली

माझे मामा आयुष्यभर रुग्णवाहिका चालवत होते. आख्खी गल्ली त्यांना सायरनमामा म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी निळी मोटार घेतली. तिला ते रोज लेकरासारखं पुसायचे, पण चाक हातात आलं की विसरायचे की ही रुग्णवाहिका नाही. भाजी आणायला निघाले तरी तोच वेग. मामी शेजारी जीव मुठीत धरून बसायची आणि घरी उतरल्यावर म्हणायची, "पोचवली एकदाची कोथिंबीर. वाचली बिचारी!"

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना मामांचं कौतुक नव्हतं. दंडाच्या पावत्या येत राहिल्या. मामा निमूटपणे भरायचे आणि विषय संपला म्हणायचे. मग गाडीचा विमा नव्याने काढायची वेळ आली आणि हप्ता जवळजवळ दुप्पट झालेला दिसला.

मामा तणतणत विम्याच्या कचेरीत गेले. मामी आणि मी सोबत होतो.

"माझ्या हातून कधी कुणाला साधा ओरखडाही आलेला नाही," ते टेबलापलीकडच्या चष्मेवाल्या मुलीला म्हणाले.

"दिसतंय ना, काका. म्हणून तर दुपटीवर भागलंय."

"पण दंड भरला की मी!"

"दंड भरला तरी त्याची नोंद काही वर्षं राहते. एखादीच पावती असती तर फारसं बिघडलं नसतं. सारख्या येतात म्हटल्यावर कंपनी धरून चालते की या माणसाच्या हातून अपघात व्हायचा संभव जास्त. हप्ता त्यावरच ठरतो." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग केलात तर आम्ही थोडी सूट देतो. आणि नवी पावती आली नाही तर हप्ता हळूहळू उतरेल."

"मला? गाडी शिकवणार?" मामांचे कान लाल झाले.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो, पण मामांनी किल्ली फिरवलीच नाही.

"खरं सांगा," मामी म्हणाली, "एवढी कसली घाई असते हो तुम्हाला?"

मामांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. "हळू चालवली की पाठीत कसंतरी होतं गं. मागं कुणीतरी आडवं पडलंय आणि माझ्यामुळे उशीर होतोय, असं वाटतं."

मामी खाली उतरली, मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसली आणि पुढे वाकून तिने मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला आता. मागं मी आहे. ठणठणीत आहे. भूक तेवढी लागलीय."

त्या दिवसापासून ती मागेच बसायला लागली. काटा वर चढला की मागून आवाज यायचा, "पेशंटला डुलकी लागलीय, दमानं घ्या." मामा हसायचे आणि पाय सैल सोडायचे.

पण एकदा ती सोबत नव्हती आणि मोकळा रस्ता बघून मामांनी पुन्हा वेग वाढवला. घरी येऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, "आज कॅमेऱ्यानं टिपलं मला." हप्ता आणखी एक वर्ष तसाच चढा राहिला. मामांनी मात्र दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात नाव घातलं.

नातवंडांच्या वयाच्या पोरांमध्ये ते मान खाली घालून बसायचे. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "सायरन वाजला की लोक बाजूला होतात. सायरन नसला की त्यांना कळतच नाही आपण येतोय ते. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही."

पुढे हप्ता उतरला. पहिल्याइतका नाही, पण उतरला. त्या आनंदात दोघं गाडीने आमच्याकडे जेवायला निघाले. दुपार कलली तरी पत्ता नाही. आईने आमटी तिसऱ्यांदा गरम केली तेव्हा कुठे मोटार फाटकाशी आली.

"अरे, होतास कुठे?" आईने भावाला झापलं.

"ताई, रस्ता काय सुंदर आहे तुझ्या घराचा!" मामा म्हणाले. "दोन्ही बाजूंना झाडं आहेत. इतकी वर्षं येतोय, कधी दिसलीच नव्हती."