नातीच्या गाडीस एक सुलटी प्रदक्षिणा

आमच्या घराण्यात आजवर कोणी उलटी प्रदक्षिणा घातल्याचे ऐकिवात नाही. माझी नात मुक्ता मात्र त्यावरच उपजीविका करते.

ती शर्यतीत मोटार चालवते. टेक्सासमध्ये प्लेनोच्या आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक लांबट गोल धावपट्टी आहे. तीवर मोटारी ऊर फुटेस्तोवर धावतात आणि प्रत्येक वळणावर डावीकडेच वळतात. मधली जागा सदैव डाव्या हातास! देव उजव्या हातास ठेवून फिरावे, एवढे तरी वेदपाठशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. मला ते दृश्य पाहवेना.

याचे मूळ माझे चिरंजीव मिलिंद. नागपूरहून उच्च शिक्षणास येथे आले, पदवी मिळवली आणि पदवीबरोबर एक जुनी शर्यतीची गाडीही मिळवली. सोमवार ते शुक्रवार संगणकापुढे, शनिवारी धावपट्टीवर. एका शनिवारी त्यांनी गाडी भिंतीस भेटवली, खांद्याचे हाड मोडून घेतले, आणि सूनबाईंनी त्यांची कारकीर्द रुग्णालयातच समाप्त केली. तोवर बापाचे शिरस्त्राण नाकापर्यंत उतरवून मुक्ता घरभर धावू लागली होती. (डावीकडेच!)

"अरे, एखादी शर्यत उजवीकडून ठेवता येणार नाही का?" मी मिलिंदला विचारले.

"बाबा, गाडीच लेफ्टसाठी सेट केलेली असते! चाकं, वजन, सगळं. राइटला जोरात वळवली तर गेलीच भिंतीत."

"आणि मुक्ता, तुला काहीच वाटत नाही?"

"आजोबा, आय लव्ह लेफ्ट टर्न्स!"

विषय संपला. परंतु यंदाच्या शेवटच्या शर्यतीस प्रसंग बिकट होता. एका मोठ्या संघाच्या मालकीणबाई मुक्तास पाहण्यास येणार होत्या. त्यांनी घेतले तर पुढील वर्षीपासून मोठ्या शर्यती. न घेतले तर मुक्ताने आईस दिलेल्या शब्दाप्रमाणे शर्यत सोडून कचेरीत नोकरी. पोरीने दोन दिवस नीट अन्न घेतले नव्हते. अशा वेळी आजोबाने हातावर हात ठेवून बसावे काय?

मी ठरवले, ती घालील त्या सर्व उलट्या फेऱ्यांवर उतारा म्हणून गाडीस आपण एक सुलटी प्रदक्षिणा घालावी. एकच, परंतु विधिवत.

गाड्या सज्ज करतात त्या जागी मी कापूर काढला मात्र, एक गृहस्थ अग्निशामक नळकांडे घेऊन धावून आले. भोवती पेट्रोलचे डबे आहेत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. कापूर खिशात गेला. मग तांब्यातील पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घालण्याचे योजिले. धार अखंड पडते की नाही हे दिसावे म्हणून पाण्यात सढळ हाताने हळद कालवली. मंडळी चाके तपासण्यात गुंतलेली असताना मी मंत्र म्हणत शांतपणे गाडीभोवती फिरून आलो आणि समाधानाने खुर्चीवर बसलो.

इतक्यात तांबड्या दाढीचा एक अवाढव्य अधिकारी तपासणीस आला. खाली वाकला आणि ओरडला, "लीक! धिस कार इज लीकिंग!"

"काय?" मिलिंद पांढराफटक पडला. "कूलंट गळतंय! बाबा, सरका, सरका!"

इंजिन थंड ठेवणारे पाणी गळू लागले तर गाडीस धावपट्टीवर सोडत नाहीत. झाकण उघडले, नळ्या चाचपल्या, मिलिंद अंगातल्या कोटासकट गाडीखाली शिरला.

"डॅड, टेम्परेचर इज फाइन!" आतून मुक्ता रडवेली होऊन सांगत होती.

"मग हे पिवळं काय आहे, यार?"

मला त्याची दया आली. "घाबरू नकोस," मी धीर दिला, "दोष आत असेल तर सापडेलच." (हे मी म्हणालो! मी!)

अधिकारी त्या ओघळामागे चालत गाडीस पूर्ण फेरा घालून परत आला. इतकी गोल आणि नीटस गळती आपण जन्मात पाहिली नाही, असे तो म्हणाला. धार अखंड पडली होती तर! क्षणभर मला धन्य वाटले. दुसऱ्या क्षणी ती धार कोणाची, हे ध्यानात आले.

"मिलिंद... ते गाडीचे नव्हे. माझे आहे."

"बाबा, म्हणजे?"

मी तांब्या दाखवला आणि शंका उरू नये म्हणून उरलेले पाणी सर्वांसमक्ष पिऊन टाकले. अधिकाऱ्याने बोट बुडवून हुंगले. "टर्मरिक? माय वाइफ पुट्स इट इन मिल्क!"

गाडी तपासणीतून सुटली, परंतु तोवर शर्यतीची रांग लागून गेली होती. मुक्तास सर्वांत शेवटी उभे केले. खिडकीच्या जाळीतून तिने विचारले, "आजोबा, माझ्यासाठी केलंत?" मी मान हलवली. "थँक यू," ती म्हणाली, "नाऊ प्लीज सिट डाउन."

मी बसलो. डोळे मिटले. उघडले तेव्हा तिने चार गाड्या मागे टाकल्या होत्या. मग उघडेच ठेवले. पोरीने एकेक करीत निम्मी रांग ओलांडली. पहिली मात्र आली नाही; पाचवी आली.

मला वाटले, संपले. परंतु मालकीणबाई प्रेक्षकांतून उतरून आमच्याकडे आल्या. पुढून निघून जिंकणारे पुष्कळ पाहिले, म्हणाल्या. ऐनवेळी सगळे बिघडल्यावर डोके शांत ठेवणारी मुलगी हवी होती. मग माझ्याकडे वळून त्यांनी मुक्तास विचारले, हे कोण?

"माय ग्रँडफादर. ही इज व्हाय आय स्टार्टेड लास्ट."

मुक्तास संघात जागा मिळाली. मलाही मिळाली, प्रत्येक शर्यतीस, कायमची आणि सन्मानाची: प्रेक्षकांत, अगदी वरच्या रांगेत. तेथवर गाड्यांचा आवाज, धूर आणि धूळ ही तिन्ही उत्तम पोहोचतात. तेथून माझा हात मात्र कोठेही पोहोचत नाही, हे मिलिंदने स्वतः तेथे बसून तपासले आहे.