एकोणसाठ अधिक वीस

शाळेत त्या गणिताच्या बाई. घरात त्यांचं नाव पडलं होतं 'यंत्र'. कशालाही कितीनेही गुणायला सांगा, प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. सुट्टीच्या दिवशी त्या विमान शिकायला जाऊ लागल्या आणि लेखी परीक्षेत पहिल्या आल्या. शिकवणाऱ्या कॅप्टनचा एकच नियम त्यांना पटत नव्हता. विमानात आकडे सुटे बोलायचे: शून्य, सात, नऊ.

"हे बालवाडीतलं झालं," बाई म्हणाल्या.

"बालवाडीतली मुलं हवेत हरवत नाहीत," कॅप्टन म्हणाले.

आजची फेरी नीट झाली, तर पुढची बाईंना एकटीने करायला मिळणार होती. धाकटा भाऊ फोन सरसावून कुंपणाशी उभा होता.

जाताना दिशा होती दोनशे एकोणसाठ अंश. तीस मैलांवरच्या तळ्यावर पोचताच कॅप्टननी विचारलं, "परतीची?"

उलट फिरायचं म्हणजे एकशे ऐंशी वजा. बाईंची रीत ठरलेली: दोनशे काढा, वीस घाला. एकोणसाठ अधिक वीस.

"एकोणसत्तर!" त्या ताडकन म्हणाल्या, आणि विमान वळवलं. कॅप्टननी वळू दिलं.

धावपट्टी दिसायची वेळ झाली. खाली नुसती शेतं.

"वाऱ्याने ढकललं असणार," बाई म्हणाल्या.

"तो धूर बघा."

वीटभट्टीचा धूर काठीसारखा सरळ वर चालला होता.

"एकोणसाठ नि वीस?" कॅप्टननी विचारलं.

"एकोण..." बाईंची जीभ अडखळली. कान तापले. "एकोणऐंशी."

"म्हणजे दहा अंशांची चूक. तीस मैलांत किती भरकटलो?"

"पाच मैल." हे उत्तर मात्र चुटकीसरशी आलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"पट्टी उजव्या हाताला राहिली. एकोणऐंशीला काटकोनात वळा. दिशा बोला. सुटी."

"एक... सहा... नऊ," बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

खाली उतरल्यावर भाऊ धावत आला. "ताई, पुढची एकटीच ना?"

"नाही. बेरीज चुकले."

"कोण, तू? काहीतरीच! मला काय शेंडी लावतेस?" तो एवढ्या मोठ्याने हसला की पंख धुणारा मेकॅनिकही हसायला लागला.

दोघांचं हसू थांबेपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मग मेकॅनिकलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एकोणसाठात वीस मिळवता आले नाहीत मला."