मशीन थांबली तरी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सतरंजीची घडी. सकाळचा क्लास सुटला होता, नऊ वाजले असतील. पोरं गेली. तिनं दोन टोकं धरली, मी दोन. झटकली, दुमडली, चालत एकमेकांपाशी आलो, मी माझी टोकं तिच्या हातात दिली. रोजचंच. ती म्हणली, "आवं, कोपऱ्याला कोपरा लावा. टेलर म्हणवता अन् घडी वाकडी."

मी म्हणलो, "कापडच वाकडं आहे." सतरंजी तिनंच आणलेली होती.

अकराच्या सुमाराला पाठीत दुखतंय म्हणून आडवी झाली. दवाखाना यायच्या आधी, रिक्षातच गेली. संध्याकाळी सगळं उरकलं. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. मला लिहायचंय ते क्लासचं, कारण ते मला येतं.

मी चौथी शिकलो. छावणीच्या बाजारात जवानांच्या वर्द्या शिवण्यात जन्म गेला. ती मात्र लग्नात दहावी झालेली होती आणि पुढचं सगळं संसार करत शिकली. शाळेत इतिहास शिकवला, रिटायर झाली, मग घरीच बारावीच्या पोरांना घेऊन बसायला लागली. इतिहास सोपा असतो, पाठ केला की झालं, असं पोरांना वाटतं. पण पेपरात शेवटी मोठा प्रश्न असतो. चार मुद्दे देतात अन् म्हणतात, यावरून सविस्तर लिहा. म्हणजे निबंधच. हुशार पोरं पण तिथं आपटतात. एकतर दोन ओळीत आटपतात, नाहीतर तेच तेच फिरवून दोन पानं भरतात.

त्यावर तिनं एक रीत काढली होती. माझी मशीन खिडकीपाशी. पोरानं निबंध लिहून आणायचा, उभं राहून मोठ्यानं वाचायचा. मी शिवता शिवता ऐकायचं. मला कळतंय तोवर मशीन चालू. कळलं नाही की पायडलवरचा पाय उचलायचा आणि विचारायचं. माझे प्रश्न तीनच. म्हणजे काय? कशावरून? बरं, मग? मशीन थांबली की पोरं वहीत तोंड खुपसायची. माझ्या आयुष्यात मला एवढं कुणी भ्यालं नाही.

नव्या पोरांना ती सांगायची, "पेपर तपासणारा माणूस काहीच जाणत नाही असं धरून लिहा. बाबांना कळलं तर त्याला कळेल."

एकानं विचारलं होतं, "मॅडम, बाबांना खरंच काही माहीत नाही?"

"चौथी," ती म्हणली. "ती पण गुरुजींनी ढकलली म्हणून."

सगळी हसली. मी पण हसलो. खरं होतं ते.

यंदाच्या पोरांत शेंद्रा गावची एक पोरगी होती. गेल्या वर्षी बाकी सगळ्यात पास, इतिहासात नापास. तिनं गाईडमधली उत्तरं अख्खीच्या अख्खी पाठ केली होती. पेपरात मधलीच एक ओळ आठवेना, अन् ती ओळ आठवेपर्यंत पुढचं सुचेना. तशीच बसून राहिली घंटा होईपर्यंत. बापानं सांगितलं होतं, यंदा शेवटचं. नापास झालीस तर थोरल्या बहिणींसारखं कंपनीत जायचं, डबे पॅक करायला. बाप वाईट नाही. त्याच्या तीन पोरी कंपनीतच आहेत, चौथी वेगळी का ते त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. हिला कॉलेजात जायचं होतं.

पहिल्या दिवशी तिनं हैदराबाद मुक्तिसंग्राम घेतला. उभी राहिली आणि सुटली. श्वास घेईना. "हैदराबाद संस्थानातील जनता जुलमी राजवटीमुळे त्रस्त झाली होती..."

मी पाय उचलला. "त्रस्त म्हणजे काय?"

पोरगी वहीत शोधायला लागली.

"मी पण त्रस्त आहे, डासांनी. मग मी पण संग्राम काढू का?"

बाकीची पोरं खिदळली. तिचा चेहरा उतरला. मी म्हणलो, बरं, राहू दे, पुढं म्हण. तर तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं. हैदराबाद संस्थानातील जनता... मधे थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट होती ती, पोरगी नव्हती.

पोरं गेल्यावर मी बायकोला म्हणलो, "हिचं काही खरं नाय. हिला थांबवू नये, सरळ म्हणू द्यावं."

"उलट," ती म्हणली. "तुम्ही रोज थांबवा. तिथून पुढं जायला शिकली की पास झाली. पेपरात तिला थांबवणारं कुणी नव्हतं, तरी ती थांबलीच ना?"

हे मला पटलं. मग मी रोज थांबवायला लागलो. कधी पहिल्या ओळीला, कधी शेवटाकडं. पोरगी मला मनातल्या मनात शिव्या देत असणार. देऊ दे.

एक दिवस तिनं लिहून आणलं, शिक्षणाची गैरसोय होती. मी पाय उचलला. "कशावरून?"

"पुस्तकात दिलंय."

"पुस्तकाला कुणी सांगितलं?"

 मग मीच सांगितलं. "मह्या बापाचं सांगतो. दोन वर्षं शाळंच्या ओट्यावर बसला. आत घेत नव्हते, ते वेगळंच. तर मास्तर शिकवायचा उर्दूत. घरी कुणाला उर्दू येत नव्हती. आई विचारायची, काय शिकलास रं? त्याला सांगताच यायचं नाही. जे शिकला ते आईच्या भाषेत नव्हतंच."

पोरगी खाली बसली आणि वहीत लिहायला लागली. बायकोनं वहीत डोकावून बघितलं अन् म्हणली, "असं नाही. बाबांचे वडील कोण, हे तपासणाऱ्याला काय करायचंय? आधी म्हण, शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि इथल्या बहुतेक लोकांची भाषा ती नव्हती. मग म्हण, त्यामुळे शाळेत गेलेलं पोरही घरच्यांना परकं व्हायचं. आता बाबा विचारतील, बरं, मग? त्याचं उत्तर पुढच्या परिच्छेदात आलं पाहिजे."

मी बघत राहिलो. माझ्या बापाची गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. पण अशी कापून, बेतून, जिथं पाहिजे तिथं जोडलेली मी पहिल्यांदा बघितली. शिवणकाम मला येत होतं, पण हे तिलाच यायचं.

शेवटच्या दिवशी, म्हणजे आम्ही सतरंजीची घडी केली त्या सकाळी, पोरगी बरीच पुढं गेली होती. दोनदा थांबवलं, दोनदा तिथूनच पुढं गेली. तिसऱ्यांदा मी म्हणलो, "बरं, मग?" अन् ती अडकली. वहीत बघितलं, वर बघितलं, अन् रडायला लागली. "मला नाही होणार, मॅडम. चार दिवस राहिले."

बायको म्हणली, "चार दिवस लई होतात. उद्या हेच परत घेऊ. बाबा थांबवतील, तू थांबायचं नाही."

उद्या परत घेऊ. ते ती बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी सहाला मी उठलो. आम्हा बौद्धांत तेराव्याबिराव्याचं काही नसतं. पुण्यानुमोदन रविवारी करायचं ठरलं होतं. घरात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या लोकांसाठी. त्या उचलून मी भिंतीला लावल्या आणि सतरंजी काढली. घडी करायला दोन माणसं लागतात, अंथरता एकट्याला येते. पुण्याहून आलेला माझा पोरगा दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, हे काय?"

"सतरंजी."

"ते दिसतंय मला. आज?"

"पेपर तीन दिवसांवर आहे. तू पुढं ढकलून आणणार का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, सात ते नऊ क्लास आहे. नंतर रडायला या."

तो वळला. आत गेला अन् पोरांसाठी पाण्याचा माठ भरून ठेवला. आईवर गेलाय.

सातला पोरं आली. दारातच चपला काढून घोळका करून उभी राहिली, रिकाम्या हातानं. शेंद्र्याची पण आली होती. तिचे डोळे सुजलेले. आदल्या दिवशी संध्याकाळी पण ती आली होती, मागं उभी राहिली होती, मी बघितलं होतं.

"वही कुठंय?" मी विचारलं.

"बाबा, आम्ही... भेटायला आलोय."

"भेटलात. आता बसा."

बसली. बसली ती पण रोजच्याच जागी. मी मशीनवर बसलो. एका जवानाची पँट होती, खालून दोन बोटं आखूड करायची. परवाची राहिली होती. पँट सुईखाली घेतली, शेंद्र्याच्या पोरीकडं बघितलं.

"कालचं राहिलंय तुझं. ऊठ."

"वही नाही आणली, बाबा."

"पेपरात वही देतात का?"

ती उभी राहिली. मी पायडल मारलं. ती बोलायला लागली. हळू, पण बोलत होती, म्हणून दाखवत नव्हती, यातला फरक मला आता कळतो. लोकांची परिस्थिती झाली. भाषा झाली, शाळा झाली. मग चळवळ. तिथंच काल अडकली होती. मला प्रश्न टाकायचा होता. तयार पण होता तोंडात.

पण मी ज्या बाजूला बघून प्रश्न टाकायचो ती बाजू रिकामी होती. मी प्रश्न विचारला की बायको लगेच पोराकडं बघायची, भुवई वर करून. ती सवय मला आहे, हे मला माहीत नव्हतं. तिकडं बघितलं आणि पाय आपोआप थांबला. तोंडातून काही निघेना.

मशीन थांबली. पोरं खाली बघायला लागली. पोरगी माझ्याकडं बघत होती. वाट बघत होती. मला वाटलं, मी हिचं वाटोळं केलं. आता ही पहिल्यापासून सुरू करणार. हैदराबाद संस्थानातील जनता...

"बरं, मग? असंच ना, बाबा?" ती म्हणली.

मी मान हलवली असेल.

"मग असं झालं, बाबा," ती म्हणली, "की लोकांना कळलं, हे नुसतं एका गावाचं दुखणं नाही..." आणि गेली पुढं. पुढं जाऊन स्वतःच थांबली, स्वतःच म्हणली, कशावरून? आणि सांगितलं कशावरून. एकदा चुकली, तिथंच दुरुस्त केलं. शेवटाला पोचली तेव्हा घामानं भिजली होती.

हे लिहितोय तोवर तिचा निकाल लागलेला नाही. मला घाई नाही. मला निकाल त्या सकाळीच कळला. आणि तो ऐकायला जी पाहिजे होती तिनं तो पहिल्याच दिवशी सांगून ठेवला होता: तिथून पुढं जायला शिकली की पास झाली.

पोरगी खाली बसली. पँटकडं बघितलं तर टीप वाकडी गेली होती, चांगली वीतभर. मी कात्री घेतली, टीप उसवली, नव्यानं सुईखाली धरली आणि म्हणलो, "पुढचा कोण?"