हिमनदीवरचं धुणं

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, शांताक्कामुळे. आई मजुरीला जायची, घरी कुणीतरी हवं होतं. म्हणून अक्काची शाळा सातवीत सुटली आणि माझी चालू राहिली. ती भाकऱ्या थापायची आणि मी चुलीपाशी बसून भूगोल मोठ्यानं वाचायचो. हिमनदीचा धडा ऐकून तिनं विचारलं होतं, "नदीच गोठली तर तिथल्या बायका धुणं कुठं धुतात रे?"

परवा अलास्कात जहाजाच्या डेकवर मी आणि पत्नी उभे होतो. समोर निळसर, अवाढव्य हिमनदी. तिचा एक कडा गडगडत पाण्यात कोसळला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात खिशातच राहिले.

"अहो, यासाठीच आलो ना आपण? तोंड का उतरलंय?"

"अक्का आठवली."

"मग तिला लिहा की! इथं उभं राहून झुरलात तर तिला काय कळणार?"

हिमनदी सरकताना दिसत नाही. तिच्याखालचा दगड मात्र झिजत असतो. आमच्या घरात कोण झिजलं, हे मला फार उशिरा दिसलं.

दुसऱ्या दिवशी पावसानं भिजलेल्या एका बंदरात उतरून मी पत्र टाकलं:

"अक्का, तुझी हिमनदी पाहिली. धुणं कुठं धुतात ते दिसलं नाही, पण पाऊस इतका, की ते वाळत कुठं घालतात हाच मला प्रश्न पडला. बाकीचं आल्यावर सांगतो. भाकऱ्या मी थापीन. जाड झाल्या तर चालवून घे. तू नुसती बसून ऐक."