कूलरपुढचं धुकं

लग्न होऊन मी नाशिकहून नागपूरला आले ती ऐन मे महिन्यात. माहेरच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा, म्हणून एका दुपारी रंगपेटी काढून धुक्यातले डोंगर रंगवायला बसले. हे चित्र मला जमायचं. कागद ओला करायचा, त्यावर पातळ करडा रंग सोडायचा. तो आपोआप पसरतो आणि डोंगरांच्या पायथ्याशी धुकं उतरतं. नागपुरात मात्र मी कुंचला बुडवेपर्यंत कागद पापडासारखा वाळून कडांनी वळायचा. रंग टेकला तिथेच चिकटायचा. सगळे डोंगर रखरखीत उन्हात उभे.

घरात ओलावा होता तो फक्त कूलरसमोर. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. जेवणं झाली की सासू-सासरे त्याच्यापुढे चटई टाकून पडत. मी पाट घेऊन बरोबर मध्ये जाऊन बसले. हवा अडली. थोड्या वेळाने सासूबाई उठून बसल्या आणि हे काय करून राहिली म्हणून विचारू लागल्या. मी अडचण सांगितली. धुकं वाळतंय हे ऐकून त्यांना माझी एवढी दया आली, की इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा तांब्या घेऊन त्या मदतीला आल्या. मी पुरे म्हणेपर्यंत चार-पाच हबके बसले होते.

करडा रंग वर चढत गेला. आधी झाडं गेली, मग पायथे, मग शिखरं.

घामाने जागे झालेले सासरे चष्मा लावून पुढे सरकले.

"पहाड कुठी गेले?"

"धुक्यात आहेत," मी म्हणाले.

"मंग निघतीन केव्हा?"

"थंडावा पाहा ना," सासूबाई म्हणाल्या. "पहाडाचं काय घेऊन बसले?"

मी चित्र फेकणार होते, पण सासूबाईंनी ते फ्रेम करवून बैठकीत लावलं आणि आल्यागेल्याला आम्हा दोघींचं चित्र म्हणून दाखवू लागल्या. लोक भिडेखातर मान हलवत. एकाने ते उलटं तर लागलं नाही ना, असंही विचारलं. मी चहा ठेवून आत पळायची.

पावसाळ्यात शेजारच्या काकू चिखलदऱ्याला जाऊन आल्या. आल्यावर आमच्याकडे बसायला आल्या आणि चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे तर मी पाहून आली वं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तिथंबी काहीच नाही दिसलं. पण लय बरं वाटलं."

सासूबाईंनी त्यांना जेवूनच जायला लावलं.