नानांचा भरवसा

न्यूरल नेटवर्कच्या तोंडी परीक्षेत मी एकदा आपटले होते. पुन्हा आपटले असते, तर अख्खं वर्ष गेलं असतं. मी वह्या उघडून रडकुंडीला आलेली, आणि आमचे अभिमन नाना, वडिलांचे थोरले भाऊ, म्हणतात की चल, केळीत जाऊन येऊ. डोकंच फिरलं माझं. पण आमच्या चोपड्याच्या घरात नानांना नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

नाना चौथी नापास. तरी कुठला घड कापायचा, हे व्यापारीसुद्धा त्यांनाच विचारतात. कसं ठरवता, असं मी चिडूनच विचारलं. घड निसवल्यापासूनचे, म्हणजे झाडातून बाहेर पडल्यापासूनचे दिवस, सालीचा रंग आणि फळाच्या कडा किती भरल्या, एवढंच बघतो म्हणाले. कडांवर भरवसा जास्त, दिवसांवर त्याहून कमी, रंगावर सगळ्यात कमी.

मी वहीत मांडलं. कडांचे गुण गुणिले पाच, दिवसांचे गुणिले तीन, रंगाचे गुणिले दोन. बेरीज पन्नासच्या वर गेली की कापायचं. एका घडाला कडांचे चार, दिवसांचे नऊ, रंगाचे पाच गुण दिले. झाले सत्तावन्न. नानांनी खुशाल कापू दिला. केळी निघाली काटकुळी. जानेवारीच्या थंडीत दिवस भरले होते, फळ भरलं नव्हतं.

दिवसांनी फसवलं म्हणून मी रागाने तिनाचा शून्य केला. नानांनी माझा हात धरला.

"एक डाव चुकनं म्हनीसन बठ्ठा भरोसा तोडू नको, माय. जरासा कमी कर."

त्यांनीही एका हिवाळ्यानंतर दिवस मोजणंच सोडलं होतं, आणि उन्हाळ्यात घड झाडावर पिकून फाटले होते. मी तिनाचे दोन केले. बेरीज अठ्ठेचाळीस, म्हणजे कापू नको. दुपारभर घड बघत हिंडलो. वहीचं नानांशी जुळलं नाही की आकडा थोडा हलवायचा. संध्याकाळी माझी वही नानांसारखं बोलायला लागली. पुस्तकातलं 'वेट' म्हणजे हा भरवसाच की! मेंदूतली पेशीही म्हणे ढोबळमानाने असंच करते. येईल त्या निरोपावर कमीजास्त भरवसा ठेवते आणि बेरीज हद्दीपलीकडे गेली की पुढे कळवते.

जळगावला परीक्षक बाईंनी नेमकं विचारलं, चूक दिसली की वेट एकदम का बदलत नाही? मी केळीसकट सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं त्यांनी विचारलं. पुस्तक नाही, काका आहेत, म्हटलं. मग तुमच्या प्रकल्प अहवालाच्या संदर्भयादीत त्यांचं नाव घाला, म्हणाल्या आणि मला पास केलं.

मी नानांना फोन लावला. पास झाल्याचं सांगितलं आणि संदर्भयादीत घातलेली ओळ वाचून दाखवली: 'अभिमन दगडू पाटील, केळी उत्पादक, चोपडा.'

"आखो एक डाव वाच," नाना म्हणाले.

मी तीनदा वाचली.