पिवळी न झालेली नळी

शेजारी मटणाचं अळणी सूप उकळायला लागलं की मला कोल्हापुरातली आमची प्रयोगशाळा आठवते, कारण जिवाणूंचं खाद्य शिजताना तिथे असाच वास सुटायचा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी पीएच.डी. करत होते. आमच्या जिवाणूचं एक एन्झाइम काम करत असलं की परीक्षानळीतलं पाणी पिवळं करायचं. त्यातलं एक अमिनो आम्ल सगळ्या जिवाणूंमध्ये त्याच जागी सापडायचं, आणि ते फक्त एन्झाइमचा आकार सांभाळतं, असं माझ्या सरांनी छापून आणलं होतं. मी नेमकं तेच बदललं. सरांच्या म्हणण्याप्रमाणे आकार मोडायला हवा होता, पण तपासणीत तो जसाच्या तसा निघाला आणि नळी मात्र तासाभरानेही पिवळी झाली नाही. म्हणजे आकार शाबूत होता, कामच बंद पडलं होतं. तीनदा करून पाहिलं आणि शेवटी वही घेऊन भीत भीत सरांपुढे उभी राहिले. "तुझ्या हातनं काही चुकलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "नाही, सर." ते बराच वेळ वही चाळत राहिले. "मग माझं चुकलंय की," ते म्हणाले, "लिही तसंच, चूक माझी म्हणून माझं नाव घालून लिही." बाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि मला रडू आलं. पुढे मी स्वतः शिकवू लागले. एका विद्यार्थिनीने माझा निष्कर्ष खोटा ठरवणारी वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा माझं चुकलं एवढं म्हणायला मला दोन दिवस लागले.